मोहोरावर दिलेली बाग

देवगडजवळच्या एका वाडीतली आजी मुलाकडे न्यू जर्सीला आली. गाव एडिसन. आली ती ऑगस्टात, सहा महिन्यांच्या बोलीने, सोबत कुळथाचं पीठ, आमसुलं आणि गुडघ्याचं तेल घेऊन. घरात मुलगा, सून आणि बारावीत गेलेली नात सई.

ऑक्टोबर लागला तसा घरात एकच शब्द घुमायला लागला. "हारिकाची ईडी ठरली म्हणे." "आपली ईडी कुठे?" "एक तारखेच्या आत ईडीचं बघायला हवं." आजी चार दिवस गप्प राहिली. गावाकडे टीव्हीवर रोज ईडीच्या बातम्या ऐकून तिला एवढं ठाऊक होतं, की ज्याच्याकडे ईडी येते त्याच्या दारात पहाटे गाड्या उभ्या राहतात आणि कपाटं उघडली जातात. पाचव्या दिवशी तिने मुलाला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "काय केलंस ते खरं सांग. माझ्या पाटल्या आहेत अजून."

घर हसलं. सई तर हसता हसता जमिनीवरच बसली. मग आजीला समजावून सांगायचं काम तिच्याचकडे आलं.

"आजी, ही ईडी म्हणजे अर्ली डिसिजन. एरवी इथली कॉलेजं जानेवारीत अर्ज मागतात आणि मार्चअखेर उत्तर देतात. पण बऱ्याच कॉलेजांत एक आडवाट असते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकाच कॉलेजला अर्ज करायचा आणि लिहून द्यायचं, की तुम्ही घेतलंत तर मी येणारच. मी सही करायची, आईबाबांपैकी कुणीतरी करायची, शाळेतल्या काउन्सेलरने करायची. डिसेंबरच्या मध्यावर उत्तर येतं. हो आलं, की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे."

"आणि फी?"

"फीमध्ये मदत किती देणार ते उत्तराबरोबर कळतं. अगदीच परवडत नसेल तर सुटता येतं."

"अगदीच म्हणजे किती?"

सईला ते सांगता येईना.

"बरं, त्या कॉलेजवाल्यांचा यात फायदा काय?"

"त्यांना कळतं, ही मुलगी येणार म्हणजे येणार. जागा रिकामी राहायची भीती नाही. म्हणून ते अशा मुलांना जरा मोकळ्या हाताने घेतात."

आजीने हातातली लसूण खाली ठेवली. "म्हणजे मोहोरावर बाग द्यायची. सरळ सांग की."

आणि तिने ही गोष्ट सांगितली.

"आपल्या बागेला लागून अण्णांची बाग. तुझे चुलत आजोबा. मधे फक्त गडगा. त्यांची साठ कलमं, आपली साठ. माती एक, वारा एक, खाडीवरून येणारं धुकं एक. मार्गशीर्षात मोहोर फुटला, की मुंबईच्या दलालाचा माणूस यायचा. क्रॉफर्ड मार्केटचा. काखेत काळी छत्री. बाग बघायला आला असं सगळे म्हणायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे ना. तो वर मोहोराकडे एकदा बघे, आणि मग सगळा वेळ मालकाच्या तोंडाकडे.

"मोहोर म्हणजे आंबा नव्हे. मधे तुडतुडे असतात, धुकं असतं, अवकाळी पाऊस असतो. सुपारीएवढी कैरी धरेपर्यंत वाडीत कुणाला धड झोप नसे. तो माणूस म्हणायचा, हे सगळं मी डोक्यावर घेतो. फवारणी माझी, राखण माझी, तोडणी माझी, पेट्या माझ्या. निम्मी रक्कम आज घ्या, निम्मी होळीला, आणि झोपा निवांत. पण एकदा दिलीत, की पावसाळा येईतो बाग माझी. तुम्ही गडग्याबाहेर.

"त्या वर्षी अण्णांच्या थोरलीचं लग्न ठरलं होतं, वैशाखातलं. अण्णा दोन दिवस चुन्याचं भांडं घेऊन बागेत फिरले. हापूस आड वर्षी धरतो. गेल्या वर्षी लगडलेल्या कलमांवर त्यांनी एक बोट ओढलं, यंदा धरतील त्यांच्यावर दोन. मग ओसरीवर बसून लग्नाचा खर्च लिहून काढला, मांडवापासून वाजंत्र्यांपर्यंत. दलालाच्या माणसाने सांगितलेली रक्कम त्या खर्चाला पुरून थोडी उरत होती. अण्णा म्हणाले, दिली. पण लग्नासाठी दहा पेट्या माझ्या. तो म्हणाला, पाच. अण्णा म्हणाले, मग राहू दे. झाल्या दहा."

"आणि आजोबांनी?"

"ह्यांना संध्याकाळी कळलं, अण्णांनी दिली. खालच्या वाडीतल्या दोघांनीही दिली. रात्रभर कूस बदलत होते. 'एवढे सगळे देतायत म्हणजे त्यांना यंदाचं काहीतरी कळलंय.' सकाळी चहा न घेता एसटीच्या थांब्यावर पळाले. तो माणूस गाडीची वाट बघत उभा होता. त्याने ह्यांना धावत येताना बघितलं. भाव तिथेच पडला. अण्णांपेक्षा कमी रक्कम घेऊन आले. आणि दहा पेट्या राहिल्या बाजूला, घरात रसाला म्हणून चार आंबेसुद्धा मागून घेतले नाहीत."

"मग पाऊस आला?" सईने विचारलं. गोष्टीत पाऊस येणार अशी तिची खात्री होती.

"छे गो. असं वर्ष मी पुन्हा बघितलं नाही. फांद्यांना टेकू लावावे लागले. रोज ट्रक यायचा गडग्यापाशी. अण्णा पत्रिका वाटत गावोगाव फिरत होते. ट्रक आला काय नि गेला काय, त्यांनी मान वर केली नाही. आणि हे गडग्यावर बसून पेट्या मोजायचे. रोज! संध्याकाळी मला आकडा सांगायचे. मी एकदा म्हटलं, अहो, विकल्या त्या कशाला मोजता? तर त्या दिवशी जेवलेच नाहीत."

सई जरा वेळ गप्प बसली. "पण आजी, दोघांनी केलं तर एकच."

"एकच. झाडं तेवढीच, दलाल तोच, वर्ष तेच."

"मग आजोबांचं चुकलं कुठे?"

"अण्णांनी बाग दिली. ह्यांनी भीती दिली. दलालाला काय, त्याला भीती स्वस्तात मिळते."

पुढच्या वर्षी अण्णांनी बाग दिली नाही, कारण लग्न उरकलं होतं आणि कर्ज नव्हतं. त्या वर्षी मात्र अवकाळी आला आणि अर्धा मोहोर काळा पडला. अण्णा म्हणाले, अर्धा राहिला की. आजीने हे शेपूट एका वाक्यात सांगितलं आणि पुन्हा लसूण सोलायला घेतली.

सईच्या मनात एक कॉलेज होतं. उत्तरेकडचं, डोंगरावरचं, आवारातून ओहोळ वाहणारं. मागच्या उन्हाळ्यात ती ते बघून आली होती. त्या रात्री तिने वही काढली आणि अण्णांसारखं मोजायला बसली. ते कॉलेज का, असं लिहून पुढे कारणं मांडायला गेली, तर पहिलं कारण ओहोळ निघालं. दुसरं, तिथल्या स्वेटशर्टचा रंग. तिसरं बराच वेळ सुचेना. ती तिथे एकूण दोन तास होती, आणि ऊन पडलेलं होतं. जीवशास्त्र शिकायचं की वास्तुरचना, हे अजून ठरत नव्हतं. महिन्यातून दोनदा बदलत होतं. सतराव्या वर्षी त्यात वावगं काही नाही. पण जिला अजून दोन गोष्टी हव्यात, तिने एकाच ठिकाणी येणारच असं लिहून द्यायचं, हे तिलाच वहीत बघून विचित्र वाटलं.

मग पैसे. मराठी घरात मुलांना दोन गोष्टी सांगत नाहीत, बापाचा पगार आणि आईचं वजन. सईने बाबांना थेट विचारलं, "आपल्याला वर्षाला किती झेपेल?" बाबा म्हणाले, तू अभ्यासाकडे बघ, पैशाचं मी बघतो. या वाक्याने किती मुलांना आंधळेपणी सही करायला लावली असेल कुणास ठाऊक. सई हटली नाही. सरकारी मदत योजनांत असलेल्या कॉलेजांना २०११ पासून आपल्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवावा लागतो. घरचं उत्पन्न, बचत, भावंडं वगैरे भरली, की या कुटुंबाला वर्षाला अंदाजे किती पडेल ते तो सांगतो. आकडा अंदाजाचाच, पण चुन्याच्या बोटांइतका उपयोगी. जेवणाच्या टेबलावर बापलेकीने तो भरला. राहणं-खाणं धरून कॉलेजचा वर्षाचा खर्च नव्वद हजार डॉलरच्या आसपास होता. मदत वजा जाऊन उरले बासष्ट हजार. वर्षाला. गुणिले चार बाबांनी मनात केलं, ते त्यांच्या कपाळावर दिसलं.

सोफ्यावर आजी जपमाळ ओढत होती. डोळे मिटलेलेच होते. "म्हणून परवा सातबारा कुठे ठेवलाय ते विचारत होतास होय?" ती म्हणाली.

कुणी काही बोललं नाही. टेबलावरचा दिवा तेवढा चालू राहिला.

बाबांचंही एक म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. अर्ली डिसिजनने अर्ज करणाऱ्यांत निवड होणाऱ्यांचं प्रमाण अनेक कॉलेजांत नेहमीच्या फेरीच्या दुप्पट असतं, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. ते आकडे लपलेले नाहीत. बहुतेक कॉलेजं कॉमन डेटा सेट नावाचं एक पत्रक दरवर्षी काढतात, त्यात सापडतात. पण ते दुप्पट कुणाकुणाला धरून, हे पत्रक सांगत नाही. त्यात खेळाच्या चमूसाठी आधीच हेरलेली मुलं असतात, काही ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात. ती काढून टाकली तर फायदा उरतो, पण तेवढा उरत नाही. आपल्या पोरांचं अंगणातलं क्रिकेट तिथे कुणी धरत नाही.

आणि हा फायदा कुणाला होतो, हा प्रश्न खुद्द कॉलेजांनाही टोचला होता. २००६ साली हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी आपापली लवकरची फेरी बंद करत असल्याचं जाहीर केलं. हार्वर्डची बांधील नव्हती, प्रिन्स्टनची होती; पण तक्रार एकच, की ज्यांना फीची तुलना करण्याची गरज नाही अशाच घरांना ही वाट सोयीची पडते. बाकीचे मागोमाग येतील अशी त्यांना आशा होती. व्हर्जिनिया विद्यापीठ आलं, पण फारसं कुणी आलं नाही. २०११ मध्ये दोघांनीही लवकरची फेरी पुन्हा सुरू केली, या वेळी न बांधणारी. शेजाऱ्याची बाग जातेय म्हटल्यावर दलालही रात्रभर कूस बदलतात तर.

सईच्या वर्गात हारिका नावाची मुलगी होती. तिला नर्सिंगच करायचं होतं, आणि तेही एकाच कॉलेजात. थोरली बहीण तिथेच शिकत होती. हारिका तिथे तीनदा जाऊन आली होती, एकदा गुडघाभर बर्फात. बहिणीच्या तीन वर्षांच्या फीच्या पावत्या घरात होत्या. आईवडिलांना डॉलर-डॉलर ठाऊक होता. तिने नोव्हेंबरात सही केली आणि त्या रात्री सिनेमा बघितला. डिसेंबरात तिला हो आलं. तिच्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही, ती मजेत होती.

नील सईच्या मागच्या गल्लीत राहायचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या आईला दिवाळीच्या फराळाला कुणीतरी सांगितलं, की अमक्याच्या मुलाने गेल्या वर्षी ईडी केली नाही आणि बिचारा कुठलाच राहिला नाही. तीन दिवसांत नीलचं कॉलेज ठरलं. त्याने ते पाहिलेलं नव्हतं. चांगलं होतं, नाव होतं, आणि "ईडीला तिथे चान्स बरा आहे" असं सगळे म्हणत होते. शाळेच्या काउन्सेलरने विचारलं, नक्की ना? नील म्हणाला, नक्की. एसटीच्या थांब्यावर त्याला कुणी अडवलं नाही.

त्याच्या बाबांनी सईच्या बाबांना फोन केला. "अरे, तुम्ही काय करताय? मागे राहाल." तो फोन ठेवल्यावर सईच्या बाबांनी दोन वेळा लॅपटॉप उघडला आणि दोन वेळा मिटला. शेवटी ते लेकीला म्हणाले, "बरं, नोव्हेंबरात नको. पण जानेवारीत दुसरी ईडी असते काही ठिकाणी. फेब्रुवारीत उत्तर येतं. तेव्हा बघू."

आजीने स्वयंपाकघरातून विचारलं, "म्हणजे पुनर्मोहोर?"

"तसंच समज."

"दुसरा मोहोर आला की झाड त्याच्या मागे लागतं नि हातची कणी टाकतं. करायचा असेल तर करा. पण मोजून."

सईने एक केलं. नोव्हेंबरच्या एक तारखेला तिने रटगर्सला अर्ली अ‍ॅक्शनने अर्ज पाठवला. त्यात लवकर अर्ज, लवकर उत्तर, पण बांधिलकी नाही; येणार की नाही ते एक मेपर्यंत सांगायचं. रटगर्स १७६६ सालचं जुनं विद्यापीठ, एडिसनहून नदी ओलांडली की न्यू ब्रन्सविक. राज्यातल्या मुलांना त्याचा खर्च त्या डोंगरावरच्या कॉलेजच्या निम्म्याहूनही कमी. त्याच पद्धतीने आणखी दोन ठिकाणी पाठवला. डोंगरावरच्या कॉलेजला आणि आणखी काही कॉलेजांना नेहमीच्या फेरीत पाठवला, जानेवारीत, इतरांच्या बरोबरीने. ओहोळाबद्दल निबंधात एक अक्षर लिहिलं नाही.

डिसेंबरच्या मध्यावर नीलला हो आलं. त्यांच्या घरी पेढे वाटले. सईच्या आईने पेढा घेतला आणि घरी येऊन भांडी जरा जोरात घासली. पुढचे तीन महिने त्या घराला सोपे गेले नाहीत. हेही सांगायला हवं, कारण मोहोर न देणाऱ्याच्या गोष्टीत रात्री कुणी मोजत नाही. रटगर्सचं हो आल्यावर घराने जरा श्वास सोडला, तरी टपालपेटीचं झाकण वाजलं की आई खिडकीशी जायची.

आजी जानेवारीतच परत गेली. मोहोर बघायचा म्हणाली.

मार्चअखेर सगळी उत्तरं आली. डोंगरावरच्या कॉलेजने नाही म्हटलं. सई एक संध्याकाळभर रडली. नोव्हेंबरात सही केली असती तर हो आलं असतं का, हे त्या रात्री घरात तिघांच्याही मनात येऊन गेलं, आणि त्याला उत्तर नव्हतं. इतर चार ठिकाणांहून हो आलं होतं. पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजने तर चांगली शिष्यवृत्ती देऊ केली होती. तिथे जीवशास्त्र आणि वास्तुरचना दोन्हींचे वर्ग पहिल्या वर्षी घेता येत होते. चारही फीपत्रं सईने छापून टेबलावर ओळीने मांडली. बाबांनी पट्टी घेऊन खाली रेघा मारल्या. सातबाराचं नाव कुणी काढलं नाही.

एप्रिलमधल्या एका दुपारी नील आला. त्याच्या आईने डबा पाठवला होता. अंगात त्याच्या कॉलेजचा स्वेटशर्ट होता, नवा करकरीत. डबा ठेवून तो निघणार, तेवढ्यात त्याला टेबल दिसलं.

"हे सगळे तुझे?"

"हो."

तो उभ्याउभ्याच वाचायला लागला. पहिलं पत्र वाचलं, दुसरं वाचलं. पेनसिल्व्हेनियाच्या पत्रावर थांबला, मग खुर्ची ओढून बसला. "हे कॉलेज मी बघितलंच नव्हतं," तो म्हणाला. "कसं आहे?"

"माहीत नाही. शनिवारी बघायला जातोय."

नीलने चौथं पत्र वाचलं. मग पुन्हा पहिलं हातात घेतलं. त्याचं कॉलेज चांगलंच होतं, त्याला दुःख असं काही नव्हतं. तो कागदाची कड अंगठ्याने सरळ करत राहिला.

"गाडीत जागा आहे?" त्याने विचारलं. "नाही, मी आपला सहज येईन. बघायला."

त्या रात्री सईने देवगडला व्हिडिओ कॉल लावला. तिथे सकाळ होती. आजी झाडाखाली खुर्ची टाकून बसली होती आणि मागे कुणीतरी झेल्याने आंबे उतरवत होतं. पेट्यांची थप्पी दिसत होती.

"खूप आलाय गो यंदा," आजी म्हणाली.

"अरे वा! मग मुंबईला कधी पाठवणार?"

"मी कशाला पाठवतेय? मी मोहोरावरच देऊन टाकली."

सई उठून बसली. "आजी! तू?"

"मग? हा गुडघा घेऊन फवारणीवाल्यांच्या मागे कोण फिरणार? डॉक्टरचा खर्च काढला, घराच्या कौलांचा काढला, वर थोडे धरले. तेवढे मिळत होते. दिली."

"आणि आता एवढा आंबा बघून वाईट नाही वाटत?"

आजीने मागे वळून बघितलं. माणूस पेटीत गवत भरत होता. "छान भरतोय," ती म्हणाली. मग फोन जवळ घेतला आणि आवाज खाली आणला. "दहा पेट्या माझ्या आहेत हो त्यातल्या."